पायरीपायरीने जळताना

मटकीला मोड फुटायला लागले की पंचा आतून कोमट होतो. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसायची, ओल्या पंचात घट्ट बांधायची आणि डब्यात झाकून ओट्याखाली सरकवायची. संध्याकाळी गाठ सैल करून बोटं मधोमध खुपसली की कडेचे दाणे गार आणि गाभ्यातले कोमट, हा फरक लगेच कळतो. वैशाखात बांधून ठेवल्याचं विसरलं तर ऊब वाढते, दाणा चिकट होतो, वास फिरतो. सासूबाई बाहेरच्या खोलीतूनच ओळखतात. "उबली गं मटकी, धुऊन घे आधी."

ही ऊब गॅसची नाही आणि उन्हाचीही नाही. मटकीच्या दाण्याला पोट नाही, फुप्फुस नाही, रक्त नाही. नाक तर नाहीच. तरी तो जेवतो आहे. आपल्याच दोन दलांत वेलाने भरून ठेवलेलं पीठ थोडं थोडं काढून जेवतो आहे, त्यासाठी हवेतला प्राणवायू घेतो आहे, कर्बवायू सोडतो आहे. या व्यवहारात जी गळती होते ती माझ्या बोटांना लागते. श्वसन म्हटलं की आपल्याला वरखाली होणारी छाती दिसते, नाकपुड्या आठवतात, सकाळी टीव्हीवर चालणारा प्राणायाम आठवतो. ती सगळी ने-आण आहे. ज्यासाठी ती ने-आण चालते ते काम मटकीच्या दाण्यात उघडंनागडं दिसतं, कारण तिथे दुसरं काही नाहीच.

आंब्याच्या अढीतही तेच. पेंढ्याच्या थरांत लावलेला हापूस पिकायच्या बेतात आला की अढीत घातलेला हात उबेने सांगतो, आता उलटापालट करायला हवी. फळ झाडावरून उतरलं तरी मेलेलं नसतं. पिकण्याच्या तोंडावर त्याचा श्वास एकदम चढतो. केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या दोघांनी १९२०च्या दशकात सफरचंदांतून निघणारा कर्बवायू मोजून ही चढण कागदावर आणली. कोकणातल्या बायांना ती तळहाताने ठाऊक होती. कागदावर आणणं मोठंच काम, पण तळहाताचं श्रेय कुणी लिहून ठेवत नाही.

माझं माहेर सांगलीचं. काका एका अडत्याकडे दिवाणजी होते आणि हळदीच्या हंगामात त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी हरिपूरला जायची. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आतलं पोट मात्र ऐसपैस. भिंती सारवलेल्या, बाजूंनी पाला-पेंढ्याचं अस्तर आणि तोंडावर मातीचा लेप. हळद आत गेली की वर्ष-वर्ष तशीच राहते. २००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं कायमची गेली, पण मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं.

पेव उघडताना कुणी घाई करत नाही. माती उकरली, तोंड मोकळं झालं की सगळे मागे सरतात. विड्या निघतात, गप्पा होतात. मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडतात. मी वाकून पाहत होते. कंदील काही हात खाली गेला, ज्योत आखडली, काचेच्या तळाशी एक ठिपका राहिला आणि तोही गेला. वारा नव्हता, पाऊस नव्हता. दोरी धरलेला हमाल काकांना म्हणाला, "अण्णा, पोरीला मागं घ्या. दिवा न्हाई ऱ्हायला तितं माणूस कसा ऱ्हाईल?"

आत प्राणवायू उरला नव्हता. हळद उकडून वाळवलेली असते, म्हणजे तिच्या पेशी केव्हाच मेलेल्या. तिचा यात हात नाही. तिच्याबरोबर आत गेलेले किडे, बुरशी, मातीतले सूक्ष्मजीव यांनी बंद जागेतली हवा वापरून टाकली आणि शेवटी किडेही त्याच हवेअभावी मेले. पेवाची सगळी युक्ती एवढीच. ज्वारीच्या पेवात तर धान्यही स्वतः श्वास घेतं, त्यामुळे हवा आणखी लवकर संपते. न तपासता उतरलेली माणसं पेवात दगावल्याच्या गोष्टी त्या भागात घरोघरी ऐकायला मिळतात.

हमालाचं ते वाक्य म्हणजे अठराव्या शतकातला एक मोठा शोध आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी बर्फाचं एक पिंप बनवलं. मधल्या जाळीत एक गिनीपिग, भोवती बर्फ आणि बाहेरची ऊब आत येऊ नये म्हणून त्याहीभोवती बर्फाचा दुसरा थर. प्राण्याच्या अंगच्या उबेने वितळलेलं पाणी खालून गोळा करून तोललं. मग तेवढाच कर्बवायू निघेल इतका कोळसा जाळला आणि त्याने किती बर्फ वितळतो ते पाहिलं. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण एवढे जवळ आले की निष्कर्ष टाळता येईना. श्वास म्हणजे ज्योतीवाचूनचं, सावकाश चाललेलं ज्वलन. पुढे लाव्हाझिएंनी सेगँ नावाच्या सहकाऱ्याच्या तोंडाला मुखवटा लावला आणि तो स्वस्थ बसलेला असताना, जेवल्यावर, काम करताना किती प्राणवायू घेतो ते मोजलं. त्या प्रयोगाचं चित्र मारी-आन लाव्हाझिए यांनी काढलं आहे. चित्रात कडेच्या टेबलाशी बसून टिपणं घेणारी बाई आहे, त्या त्याच. ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएंना गिलोटिनवर चढवलं. सरकारी करवसुलीचा ठेका घेणाऱ्या कंपनीतली भागीदारी त्यांना भोवली.

आग आहे हे ठरलं, पण ती पेटते कुठे? आपल्याकडे ती पोटात मानली. जठराग्नी म्हटलं, पंगतीत पहिल्या घासाआधी म्हणायच्या श्लोकात जेवणाला यज्ञ ठरवलं. लाव्हाझिएंनी ती फुप्फुसात कल्पिली. लाग्रांज नावाच्या दुसऱ्या गणित्याला लगेच शंका आली: सगळ्या अंगाची ऊब एकट्या फुप्फुसात तयार होत असेल तर ते भाजून कसं निघत नाही? इटलीत स्पालांझानींनी प्राण्यांच्या शरीरातून काढलेल्या नुसत्या मांसाचे तुकडे हवाबंद ठेवले, तर तेही प्राणवायू शोषू लागले. जर्मनीत प्फ्ल्यूगर यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या अंगातलं रक्त काढून मिठाचं पाणी भरलं, तरी बेडूक प्राणवायू वापरत राहिला. प्रयोग ऐकताना अंगावर काटा येतो, पण प्रश्न सुटला. आग पोटात नाही, छातीत नाही, रक्तातही नाही. ती प्रत्येक पेशीत वेगळी पेटलेली आहे, मटकीत पेटते तशीच.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो डेव्हिड केलिन. पोलंडमध्ये वाढलेला, पॅरिसमध्ये शिकलेला आणि केंब्रिजला स्थिरावलेला हा माणूस मुळात किडे-परजीवींचा अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळीत आपल्या रक्तातल्यासारखं लाल हिमोग्लोबिन असतं. अळीची माशी झाल्यावर ते लाल द्रव्य कुठे जातं, एवढंच त्याला पाहायचं होतं. त्यासाठी त्याने माशीच्या पंखांच्या स्नायूंतून प्रकाश सोडला आणि वर्णपटदर्शकातून पाहिलं. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात चार काळ्या रेघा दिसल्या. त्या हिमोग्लोबिनच्या नव्हत्या.

मग त्या रेघा त्याला जिथे तिथे दिसायला लागल्या. माश्यांत, मधमाश्यांत, पतंगांत आणि पाव फुगवायच्या यीस्टमध्येही. एकदा त्याने परीक्षानळीत यीस्टचा गोळा पाण्यात घालून जोराने हलवला आणि लगेच पाहिलं. रेघा नाहीत. नळी बाजूला करणार एवढ्यात चारही रेघा डोळ्यांसमोर उमटल्या. पुन्हा हलवलं, पुन्हा गेल्या. थांबला, पुन्हा आल्या. नळी हलवताना पाण्यात हवा मिसळत होती, आणि यीस्ट ती संपवत होतं. मेणकिड्याचा जिवंत पतंग काचपट्टीवर बसवून त्याने त्याच्या छातीतून प्रकाश सोडला, तर पतंग सुटायची धडपड करत पंख फडफडवू लागला की रेघा गडद व्हायच्या. माणसाने पहिल्यांदाच आतलं श्वसन चालू असताना डोळ्यांनी पाहिलं. १९२५ साली केलिनने या रंगद्रव्याला सायटोक्रोम असं नाव दिलं. त्याच्या चाळीसएक वर्षं आधी मॅकमन नावाच्या इंग्लंडमधल्या एका डॉक्टरला या रेघा दिसल्या होत्या, पण त्या काळच्या एका बड्या जर्मन रसायनज्ञाने त्याला खोडून काढलं आणि प्रकरण मिटलं. केलिनने मॅकमनचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. अशी माणसं विज्ञानातही कमीच.

रेघा येतात-जातात म्हणजे काय होतं, हे कळायला साखरेमागे जायला हवं.

मूठभर साखर चुलीत टाकली तर ती भडकून जळते. उजेड, उष्णता, राख, खेळ खलास. पेशीला ही चैन परवडत नाही. एवढी उष्णता एकदम निघाली तर पेशीच शिजेल. म्हणून तिने पायऱ्यांच्या विहिरीची तऱ्हा काढली. काठावरून उडी टाकली काय आणि पायरीपायरीने उतरलं काय, खोली तेवढीच. १८० ग्रॅम ग्लुकोज भट्टीत जाळलं किंवा पेशीत, ऊर्जा सारखीच निघते, सुमारे ६८६ किलोकॅलरी. पण पायऱ्या असल्या की प्रत्येक पायरीवर थांबता येतं, हातातलं थोडं खाली ठेवता येतं. आयुष्य म्हणजे हे थांबणं आहे, असं म्हणायचा मोह होतो. रसायनशास्त्रात ते अक्षरशः खरं आहे: प्रत्येक पायरीवर एक विकर बसलेलं असतं आणि त्याच्या परवानगीशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

पहिल्या दहा पायऱ्या पेशीच्या रसातच आहेत आणि त्यांना प्राणवायू लागत नाही. ग्लुकोजचे दोन तुकडे होतात, थोडीशी ऊर्जा हाती लागते. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. या पायऱ्या त्याच्याही आधीच्या. जिलबीचं पीठ फुगतं, दही लागतं, जिना धावत चढल्यावर मांड्या भरून येतात, तेव्हा हाच जुना रस्ता चाललेला असतो. तो उघडकीला आला तोही गमतीने. १८९७ साली एदुआर्द बुखनर यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढत होता. औषधी उपयोग होईल या आशेने. रस नासायला लागला म्हणून, आपण मोरावळा टिकवतो त्याच हिशेबाने, त्यात भरपूर साखर घातली. रसाला बुडबुडे आले. एकही जिवंत पेशी नसलेला रस साखर आंबवत होता. म्हणजे जिवंतपणातलं काही काम तरी पेशीबाहेरही चालतं. या बुडबुड्यांना १९०७चं नोबेल मिळालं.

पुढच्या पायऱ्या पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत. तिथे साखरेचे उरलेले तुकडे एका चक्रात शिरतात, कर्ब सुटा होऊन कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडतो आणि हायड्रोजन काढून घेतला जातो. हे चक्र कबुतराच्या छातीचे स्नायू वाटून हान्स क्रेब्जने १९३७ साली शेफिल्डमध्ये मांडलं. हिटलर आल्यावर जर्मनीतून निघालेला हा माणूस. 'नेचर'ने त्याचं पत्र परत पाठवलं. आमच्याकडे छापायच्या पत्रांची गर्दी आहे, म्हणाले. चक्राच्या सगळ्या आम्लांची नावं मी एकदा परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यांत पुन्हा शिरण्यात अर्थ नाही.

खरी मजा पुढे आहे. काढून घेतलेल्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन सायटोक्रोमच्या पायऱ्या उतरत जातात, आणि तळाशी प्राणवायू उभा असतो. तो ते इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन जोडून घेतो आणि पाणी होतो. बस, त्याचं काम एवढंच. केलिनच्या नळीत हवा संपली की इलेक्ट्रॉन घ्यायला तळाशी कुणी उरत नसे, ते पायऱ्यांवर तुंबून राहत आणि रेघा काळ्या होत. नळी हलवली की प्राणवायू येई, पायऱ्या मोकळ्या होत, रेघा पुसल्या जात. सायनाइड मारतं ते याच शेवटच्या पायरीवर बसून. रक्तात प्राणवायू भरलेला असतो, साखर भरलेली असते, आणि माणूस गुदमरतो.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यातलं श्वासाचं चित्रच उलटंपालटं झालं. आपण आत घेतलेला प्राणवायू कर्बवायू होऊन बाहेर येतो, असंच वाटत होतं. तसं नाही. घेतलेला प्राणवायू पाणी होऊन शरीरातच राहतो. उच्छ्वासातल्या कर्बवायूतला प्राणवायू जेवणातला आणि पाण्यातला असतो.

मग पायऱ्या उतरताना मिळालेल्या ऊर्जेचं होतं काय? १९६१ साली पीटर मिचेलने उत्तर दिलं आणि बरीच वर्षं कुणी ते मनावर घेतलं नाही. एडिनबरोची नोकरी प्रकृतीपायी सोडून तो कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त करत बसला आणि तिथेच त्याने प्रयोगशाळा थाटली. त्याचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉन उतरत असताना तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यातून प्रोटॉन बाहेर ढकलले जातात. पडद्याच्या एका बाजूला ते साठत जातात आणि परत यायला धडपडतात. पडदा इतका पातळ की त्यावरचा दीडशे-पावणेदोनशे मिलिव्होल्टचा दाब मीटरच्या मापात काढला तर तीनेक कोटी व्होल्ट भरतो. कडाडणाऱ्या विजेच्या पंगतीतला आकडा, आणि तो माझ्या करंगळीतही आहे. प्रोटॉनना परतीची वाट एकच: पडद्यात रोवलेलं एक प्रथिन. ते त्यांच्या ओघाने फिरतं. खरोखर फिरतं, सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, आणि दर फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू घडवतं. १९९७ साली जपानमध्ये हिरोयुकी नोजी आणि सहकाऱ्यांनी त्या प्रथिनाला चमकणारा धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली टिपला. मिचेलला नोबेल १९७८ सालीच मिळालं होतं.

एटीपी शाळेच्या पुस्तकात 'ऊर्जेचं चलन' म्हणून येतं. आमच्या वेळी एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी शिकवत. आता मोजदाद तीसच्या आसपास उतरली आहे, कारण वाटेत गळती होते. एटीपी १९२९ साली दोन ठिकाणी सापडलं. जर्मनीत कार्ल लोहमानला, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. आंध्रातल्या भीमावरमचे हे सुब्बाराव हार्वर्डला कायम नोकरी न मिळाल्याने औषधकंपनीत गेले. त्यांचं नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात का नसतं, हे मला कळत नाही. शरीरात एका वेळी एटीपी असतं फार तर शे-दोनशे ग्रॅम, पण ते मोडून पुन्हा घडवणं इतकं अखंड चालतं की दिवसभरात घडलेल्या एटीपीचं वजन आपल्या वजनाच्या घरात जातं.

सावकाश जळणं म्हणजे मंद जळणं असं मात्र समजू नये. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी सत्त्याण्णव वॅटने चालतो. वजनाच्या हिशेबात सूर्याशी तोलून पाहिलं तर एक किलो माणूस एक किलो सूर्याच्या सात हजार पटींहून जास्त ऊर्जा सोडतो. सूर्य मोठा आहे म्हणून दिपवतो.

आणि गळती ही नेहमी वाया जाते असंही नाही. तान्ह्या बाळाच्या खांद्यांच्या मधे तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांच्या पडद्यात प्रोटॉनसाठी मुद्दाम दुसरी वाट ठेवलेली असते. एटीपी न घडवता ते तसेच आत येतात आणि सगळ्याची ऊब होते. बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून ही सोय. वरून आजीचं टोपरं-दुपटं असतंच. हीच वाट औषधाने पाडायचा खेळ १९३०च्या दशकात अमेरिकेत झाला. डायनायट्रोफेनॉल घेतलं की वजन झरझर उतरे. काहींचं अंग आतून तापत गेलं आणि माणसं दगावली, काहींना मोतीबिंदू झाले. पायऱ्या काढून टाकल्यावर आणखी काय होणार?

काकांनी वजन उतरवलं ते मात्र आमराईत फेऱ्या मारून. साखरेचा त्रास सुरू झाला होता. निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं पाचेक ग्रॅम, चहाचा एक चमचा. काकांच्या रक्तात ते कितीतरी चढलेलं, पण पेशींत शिरेना. इन्शुलिनची हाक पेशींना ऐकू येत नव्हती. भरल्या घरात उपाशी, असं ते स्वतःच म्हणत. दिवाणजी माणूस, हिशेबाला पक्का. पँट सैल झाल्यावर मला विचारलं, "अगं, एवढं वजन उतरलं ते गेलं कुठे? घामात?" २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना विचारला होता आणि बहुतेकांनी सांगितलं, चरबीची ऊर्जा होते. पण वजन असं नाहीसं होत नाही. दहा किलो चरबीतली ८.४ किलो कर्बवायू होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. काकांनी दोन बोटं नाकपुड्यांसमोर धरून उच्छ्वास सोडून पाहिला. "म्हणजे खातो तोंडाने, खर्ची टाकतो नाकाने," ते म्हणाले, आणि वहीत टिपून ठेवलं.

२०२१च्या एप्रिलमध्ये ते करोनाने घरीच पडून होते. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला प्राणवायू आणायला गेली ते दिवस. काकू तासातासाला त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत आणि आकडा मला फोनवर सांगत. चौऱ्याण्णव हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज बसायचा. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे आणि किती शोषला गेला त्यावरून रक्ताचा रंग ओळखायचा, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ची. मला त्या चिमट्यात केलिनचा पतंग दिसायचा. फरक इतकाच की ऑक्सिमीटर रस्त्यावरची वाहतूक मोजतो, आतली चूल नव्हे. तांबड्या पेशींना स्वतःच्या तंतुकणिका नसतातच. आयुष्यभर प्राणवायू वाहायचा आणि स्वतः त्यातला कणही वापरायचा नाही, जुन्या दहा पायऱ्यांवर भागवायचं.

तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत राहायला आल्या, हे १९६७ साली लिन मार्ग्युलिसने अनेक नियतकालिकांनी नाकारलेल्या निबंधात ठासून मांडलं. त्या आपल्याला मिळतात फक्त आईकडून. माझं आडनाव सासरचं, चेहरा काकांच्या घरचा, आणि ही आतली आग सासर-माहेर दोन्हींना वळसा घालून आलेली, थेट आजोळची.

काका त्या दुखण्यातून उठले. गेले ते नंतर, झोपेत, हृदय थांबून. नेत्रदानाचा अर्ज त्यांनी स्वतःच भरून कपाटाला आतून चिकटवला होता. नेत्रपेढीला फोन केला तर पलीकडून सूचना आल्या: पापण्या मिटा, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. सहा तासांच्या आत यायला हवं. माणूस गेला म्हणजे सगळ्या पेशी एका क्षणी जात नाहीत. मेंदू काही मिनिटांत हार मानतो, कारण वजनाने शरीराच्या दोन टक्के असूनही तो वीस टक्के प्राणवायू खातो. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, कॉर्निया, जास्त टिकते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, असत्या तर आरपार दिसलं नसतं. ती प्राणवायू घेते अश्रूंच्या थरातून, सरळ हवेतून. फुप्फुसाची, हृदयाची, तांबड्या पेशींची मध्यस्थी नाही. मटकीच्या दाण्यासारखा तिचा व्यवहार परस्पर.

पेढीतून एक मुलगा आला. दार लोटून घेतलं, आणि फार वेळ न लावता बाहेर आला तेव्हा हातात दोन छोट्या बाटल्या होत्या. गुलाबीसर द्रव, तळाशी नखाएवढी काचेसारखी चकती. बर्फाच्या पेटीत ठेवताना मी विचारलं, यात काय असतं.

"क्षार, अँटिबायोटिक, सूज येऊ नये म्हणून डेक्स्ट्रन. थोडं ग्लुकोज," तो म्हणाला. "पेशी जिवंत आहेत ना अजून, त्यांना लागतं. चार अंशांवर ठेवलं की कमी खातात, तीन-चार दिवस निघतात."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोवर कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"ग्लुकोज? अहो, ह्यांना शुगर होती. गोड बिलकूल चालायचं नाही."

मुलाने बाटलीवरून नजर उचलली. "एवढं चालतं, काकू," तो म्हणाला आणि झाकणावर वेळ लिहिली.